पोळ्याला पिठाची बैलजोडी

श्रावण सरत आला की घराघरांत पोळ्याची तयारी सुरू होते. बैल ओढ्यावर नेऊन धुवायचे, नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा आणायचा, आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने खांदे मळून बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे, हे काही आपल्याला सांगायला नको. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हाच सण बेंदूर म्हणून आधीच होऊन जातो. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल ओढीत दारोदार बोजारा मागत हिंडतात.

ज्यांच्या दावणीला बैल नाही ती मंडळी कुंभाराकडून मातीची जोडी आणून पूजतात. काही घरांतून मात्र कणकेचे बैल करण्याची जुनी चाल आहे. या अमावास्येचे दुसरे नावच मुळी पिठोरी. पिठाच्या मूर्ती करून पुजायच्या म्हणून पिठोरी. आई पाठमोरी होऊन "अतिथी कोण?" म्हणून विचारते आणि पोर मागून "मी" म्हणत नैवेद्य घेते, तोही याच दिवशी. म्हणजे पीठ, मूल आणि बैल यांची गाठ आपल्याकडे या एका दिवशी पूर्वीपासून पडलेली आहे. तीच धरून मी यंदा मायबहिणींना एक काम सुचवतो आहे. पोळ्याच्या सकाळी घरातल्या पोरांना पाटाभोवती बसवावे, त्यांच्याकडून पिठाची बैलजोडी करून घ्यावी, पूजा झाल्यावर ती सगळ्यांनी खावी. मात्र दोन अटी आहेत. बैल आपल्या मुलुखातला असावा, म्हणजे बघणाऱ्याला त्याची जात ओळखता यावी. आणि त्याच्या अंगावर जे काही चढेल ते सगळे खाण्याजोगे असावे.

पहिली अट का, ते आधी सांगतो. कामानिमित्त माझे गावोगावच्या शाळांतून जाणे होते. एका शाळेत बाईंनी मुलांना शाडूची माती देऊन बैल करायला बसवले होते. पोरे शेतकऱ्यांचीच. चाळीस-एक बैल फळीवर मांडले होते आणि त्यांतल्या जेमतेम सात-आठ बैलांना वशिंड होते. बाकीचे दुधाच्या पिशवीवरच्या काळ्यापांढऱ्या गाईसारखे, सपाट पाठीचे. एका मुलाने तर बैलाला वरच्या जबड्यात पांढरे शुभ्र दात बसवले होते! मी विचारले, "काय रे, घरी बैल आहे का?" तो म्हणाला, "नाही साहेब, आजोबांकडं होता. आता टॅक्टर आहे." पोरगा खोटे काय बोलला? त्याने बैलाचे तोंड उघडून पाहिलेच नाही, मग वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात हे त्याला कळावे कसे?

२०१२च्या पशुगणनेत आपल्या राज्यात गाई-बैल मिळून दीड कोटीच्या वर, एक कोटी ५५ लाखांच्या आसपास जनावरे होती. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत ती एक कोटी ४० लाखांच्या आसपास भरली. हा आकडा गाई, वासरे, संकरित असे सगळे धरून. कामाच्या बैलांचे काय झाले ते समजायला पोळा फुटताना गावच्या वेशीत उभे राहावे. तोरणाखालून जाणाऱ्या जोड्या बोटांवर मोजता येतात अशी गावे माझ्या पाहण्यात आहेत. ट्रॅक्टर घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. दोन एकरांवर वर्षभर जोडी पोसणे परवडत नाही, वैरणीचे भाव आपण जाणतो. पण बैल गोठ्यातून गेला म्हणून पोरांच्या डोळ्यांतूनही जावा असे थोडेच आहे?

आता कामाला लागू. बैल करायला पीठ तीन प्रकारचे घेता येते आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली गूळ-कणीक. आषाढी अमावास्येला आपण उकडीचे गोड दिवे करतो, तीच ही. दोन वाट्या कणकेला एक वाटी चिरलेला गूळ. गूळ अर्धी-पाऊण वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, म्हणजे खडे निघून जातात. कणकेत चिमूटभर मीठ आणि दोन चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालावे आणि गुळाच्या पाण्याने घट्ट भिजवावी. पुरीपेक्षाही घट्ट. सगळे पाणी एकदम ओतू नये. गुळामुळे कणीक मागाहून सैल पडते आणि उकडताना आणखी सैल होते, मग बैलाचे पाय फाकतात आणि पोरांची तोंडे उतरतात. भिजवल्यावर ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावी. गव्हाच्या पिठात चिकाचे तंतू असतात, ते रबरासारखे ताणतात आणि सोडले की परत आखडतात. ताज्या कणकेचे शिंग ओढून लांब केले तर बघता बघता आखूड होते, ते याच कारणाने. अर्ध्या तासाने ताण उतरतो, आणि मोहनानेही तंतू लवचिकपणा सोडतात.

दुसरी तांदळाची उकड. मोदकाची येते तिला ही येते. एक वाटी पाण्याला उकळी आणून त्यात अर्धा चमचा तूप, चिमूट मीठ आणि एक वाटी तांदळाची पिठी घालून ढवळावे, झाकण ठेवून वाफ आणावी आणि गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळावी. हे मळणे आईनेच करावे, मुलांच्या हाती कोमट झाल्यावर द्यावी. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीची पिठी असेल तर उकड छान चिकट होते. तांदळात गव्हासारखे ताणणारे तंतू नाहीत, म्हणून उकडीला जो आकार द्याल तो तसाच राहतो. बारीक काम, म्हणजे कान, गोंडे, झुलीच्या कडा, उकडीचेच चांगले होते. मात्र ती उघडी राहिली की वाळून तडकते. म्हणून हातात घेतलेला गोळा सोडून बाकीची सगळी झाकून ठेवावी, आणि पोरांना हे दहा वेळा सांगावे लागते.

तिसरी नाचणीची उकड. एक वाटी नाचणीच्या पिठात दोन चमचे तांदळाची पिठी मिसळावी, म्हणजे बांधणी होते. वाटीभर पाण्यात पाव-तृतीयांश वाटी गूळ उकळून गाळावा आणि त्यात उकड काढावी. रंग गडद तांबूस येतो. हा रंग पुढे कामाला येणार आहे. गूळ काळसर असला तर उत्तमच. बाजारातला पिवळाधमक गूळ बहुधा रासायनिक पावडरीने उजळलेला असतो, त्याच्या नादी लागू नये.

बैल घडवायची रीत अशी. अंगासाठी मोठ्या लिंबाएवढा गोळा, डोक्यासाठी बोराएवढा. लिंबाएवढ्या गोळ्याची चार बोटे लांब, जाड सुरळी करावी. पाय वेगळे करून चिकटवू नयेत, वाफेत ते हमखास सुटतात. सुरळीची दोन्ही टोके खाली वाकवावीत, प्रत्येक टोकाला चमच्याच्या दांड्याने मधोमध चीर द्यावी, झाले चार पाय. वशिंडही चिकटवू नये. खांद्यावरचे पीठ अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून वर ओढावे. तसेच मानेखाली चिमटीने पातळ पदर ओढला की पोळी झाली. बैलाच्या गळ्याच्या लोंबत्या कातडीला आपण पोळी म्हणतो हे कित्येक मुलांना ठाऊक नसते आणि ते ऐकून ती खदखदून हसतात. हसू द्यावे, शब्द लक्षात राहतो. डोके बसवताना दोन्ही बाजूंना पाण्याचे बोट लावून दाबावे.

उभा बैल उकडताना बसण्याचा संभव असतो. त्यावर उपाय म्हणजे पाय आखूड व जाड करावेत आणि पोटाखाली पिठाचा एक ठोकळा राहू द्यावा. पाथरवटही दगडाचा बैल करताना पोटाखालचा दगड पुष्कळदा तसाच ठेवतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना तर बसलेला बैलच करू द्यावा, देवळातल्या नंदीसारखा. तो पडत नाही.

शिंगे मात्र पिठाची करू नयेत, वाफेत मान टाकतात. सुक्या खोबऱ्याच्या वाटीचा पातळ काप काढला तर त्याला जात्याच बाक असतो. बैल उकडून निवला की असे दोन काप डोक्यात खोचावेत. डोळ्यांना काळे तीळ. घुंगरमाळेला ओल्या पट्टीवर पेरलेली खसखस. शेपटीच्या गोंड्याला खोबऱ्याचा कीस.

चाळणीला किंवा मोदकपात्राच्या ताटलीला तूप लावावे, हळदीचे किंवा केळीचे पान असल्यास ते अंथरावे, आणि पाण्याला उकळी आल्यावरच बैल आत ठेवावेत. उकडीच्या बैलाला दहा-बारा मिनिटे, गूळ-कणकेच्या बैलाला वीस मिनिटे पुरतात. झाकण आईने किंवा आजीने काढावे आणि आपल्यापासून दूर, पलीकडच्या बाजूला उघडावे. वाफेचा चटका तव्याच्या चटक्याहून वाईट, आणि पोरे नेमकी भांड्यावर वाकलेली असतात.

आता जातींकडे वळू. लेखातला हा भाग वडील माणसांनी मुलांना वाचून दाखवावा, आणि घरात आजोबा असतील तर त्यांना पाटाशेजारी बसवावे.

माणदेश, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांनी खिलार करावा. हा पांढऱ्या उकडीचा. अंग लांबट, घट्ट, सुरळीसारखे गोल. तोंड लांब आणि अरुंद. कपाळाच्या मध्यावर उभी पन्हळ असते, ती काडीने ओढावी. खरी ओळख शिंगांची. ती लांब, टोकदार, आधी मागे जाऊन मग धनुष्यासारखी वर वळलेली. खोबऱ्याचा सर्वांत लांब काप खिलारासाठी राखून ठेवावा. नराच्या मानेखांद्यावर राखी झाक असते, ती हवी तर उकडीत चिमूटभर वाटलेले काळे तीळ मळून आणता येते. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना पुन्हा वाट करून दिली, तेव्हापासून खिलाराच्या खोंडांना भाव आला आहे. शर्यतीचा बैल आणि औताचा बैल यांत फरक आहे, पण तो विषय आजचा नाही.

लातूर, उदगीर, देवणी भागात देवणी. याचे कपाळ भरदार, फुगीर, कान लांब आणि खाली लोंबते, गळ्याची पोळी मोठी. मुलांना हा बैल फार आवडतो, कारण त्यात रंगाची गंमत आहे. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असलेला शेवरा, अंग पांढरे पण तोंड काळे असा वानेरा आणि बहुतेक पांढराच असणारा बालंक्या, असे तीन प्रकार मानतात. काळ्या रंगासाठी काळे तीळ कोरडे भाजून, बारीक कुटून उकडीच्या छोट्या गोळ्यात मळावेत. त्याच्या चपट्या टिकल्या करून पाण्याच्या बोटाने अंगावर बसवाव्यात. एकाच घरात तीन भावंडे असतील तर तिघांनी तीन प्रकार करावेत. भांडण मिटते.

नांदेड, कंधारकडे लाल कंधारी. नाचणीची उकड ठेवली होती ती यासाठी. अंगभर एकच गडद तांबडा रंग, रुंद कपाळ, मध्यम शिंगे दोन्हीकडे सारखी वळलेली. करायला हा सर्वांत सोपा आणि खायला, माझ्या मते, सर्वांत चवदार.

इगतपुरी, अकोले या घाटमाथ्याच्या पावसाळी मुलुखात डांगी. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे मोठे ठिगळ, शिंगे आखूड आणि जाड, खूर काळे आणि कठीण. याच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून मुसळधार पावसात भातखाचरात दिवसभर राहूनही तो टिकतो. उकडलेल्या डांगीला शेवटी बोटाने तूप चोळावे. अंग चकाकते, आणि कातडीची ती गोष्ट मुलाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वर्धा, नागपूरकडे गवळाऊ. पांढरा, हलक्या बांध्याचा, लांब अरुंद चेहऱ्याचा, शिंगे आखूड आणि बोथट. पळायला चपळ म्हणून त्याची ख्याती. कोकणातल्या वाचकांकडे लहान चणीचा कोकण कपिला आहे. त्यासाठी गोळा लिंबाएवढा न घेता सुपारीएवढा घ्यावा.

एकाच बैलावर थांबू नये, जोडी करावी. दोन्ही अंगांचे गोळे घरातल्या तराजूत तोलून सारखे घ्यायला मुलांना सांगावे. पाच-दहा ग्रॅमांचा फरक राहिला तरी बैल उंचसखल होतात आणि वर ठेवलेले पिठाचे जू कलते. खऱ्या शिवारातही हेच होते. उंच बैलाशेजारी बुटका जुंपला की जू तिरपे बसते, मान घासते, घट्टे पडतात, खांदा सुजतो. जू वशिंडाच्या पुढे मानेवर बसते आणि वशिंडाला अडून बैल ओढतो, हेही पिठाच्या बैलावर बोट ठेवून दाखवता येते. होल्स्टिन आणि जर्सी या परदेशी गाईंना वशिंड नसते, म्हणून त्यांच्या संकरातल्या गोऱ्ह्यांना औताला तितके मोल येत नाही. जुवाच्या शिवळा म्हणून शेवयांचे तुकडे चालतील.

मोठ्या मुलांना दातांचे गणितही सांगावे. वासराचे दुधाचे दात असतात तोवर त्याला आदत म्हणायचे. दोन-अडीच वर्षांचा झाला की दोन दाती, आणि आठही दात आले की जुळला. बाजारात जोडी घेताना हे ज्याला कळत नाही तो फसतो.

झूल, बाशिंग, गोंडे यांना रंग लागतात. पिवळ्याला हळद, हिरव्याला पालकाचा वाटलेला रस, लालगुलाबीला बिटाचा रस. पण एक ध्यानात ठेवावे, बिटाचा रंग वाफेत टिकत नाही, तपकिरी पडतो. उकडीत लिंबाचे दोन थेंब टाकले तर थोडा तगतो. त्याहून बरे म्हणजे शिजलेल्या उकडीत बिटाचा रस मळून झुलीची पातळ पोळी लाटावी आणि ती उकडून निवालेल्या बैलावर वरून घालावी. पालकही फार शिजला की शेवाळी होतो, तेव्हा त्याचेही तसेच. रांगोळीचे रंग, होळीचे रंग, पुडीवर काही न लिहिलेले सुटे रंग यांना या कामात थारा देऊ नये. मेटॅनिल यलो, ऱ्होडामाइन यांसारखे कापडाचे रंग खाण्यात वापरायला कायद्याने मनाई आहे, तरी ते सुट्या पुड्यांतून विकले जातात. शहरातून खाण्याचा रंग आणायचाच तर बंद डबीतला, अन्न परवाना क्रमांक छापलेला आणावा, आणि तोही सुईच्या अग्रावर मावेल इतकाच.

हल्ली मुले मोबाइलवर केकवरची चॉकलेटची फुले, प्राणी पाहतात आणि तसे करून द्या म्हणून हट्ट धरतात. त्यात काही जादू नाही. चॉकलेटची लादी पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवतात, चार भाग चॉकलेटला साधारण दीड भाग लिक्विड ग्लुकोज, म्हणजे औषधी दुकानात किंवा केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारा घट्ट साखरपाक, हलक्या हाताने मिसळतात, गोळा गुंडाळून रात्रभर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कणकेसारखा मळतात. पाण्याचा एक थेंब पडला तर चॉकलेट दाणेदार होऊन फुटते, एवढे सांभाळायचे. वाढदिवसाला हौस म्हणून जरूर करावे. पण पोळ्याला ते उपयोगाचे नाही. हाताच्या उबेने ते मऊ होते आणि भाद्रपदाच्या तोंडावरच्या उकाड्यात त्याची शिंगे लोळण घेतात. दुसरे असे, की चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे आणि बैलालाही देऊ नये, आणि पोळ्याच्या नैवेद्याचा एक घास जनावराच्या तोंडी जातोच.

हीच ती दुसरी अट, आणि या लेखात काही जपून वाचायचे असेल तर ते हे. सजावट शोभिवंत व्हावी म्हणून पिठाच्या बैलाला टाचण्या टोचलेल्या, शिंगांत तार घातलेली, गळ्यात प्लॅस्टिकचे मणी, पाठीवर चमकीची टिकली लावलेली मी पाहिली आहे. पूजा उरकते, संध्याकाळी ताटातला बैल उचलून कोणीतरी भक्तिभावाने गाईपुढे ठेवते. जनावर काही चावून खात नाही. ते आधी गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. गिळलेली टाचणी, तारेचा तुकडा जाळीपोटात जाऊन पडतो. जाळीपोट आकुंचन पावते तेव्हा ते टोक भिंतीत घुसते, पुढचा पडदा भेदते, आणि त्यापुढे हृदय असते. जनावर चारा सोडते, पाठ कमानदार करून उभे राहते, कोपरे बाहेर फाकवते, उतारावर चालायला कां-कूं करते, पुढे छातीखाली सूज येते. ही लक्षणे पोळ्याच्या दिवशी दिसत नाहीत. ती आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतात, तोवर टाचणी कोणाच्या ध्यानातही नसते. एका ओळखीच्या घरची सात महिन्यांची गाभण गाय मी अशी गेलेली पाहिली. शवविच्छेदनात दोन बोटांएवढी तार निघाली. ती कोठून आली असेल हे त्या घरातली म्हातारी आई शेवटपर्यंत विचारीत राहिली. तार कोठूनही येते, कडब्याच्या पेंढीतून, गव्हाणीतून, उकिरड्यावरून. निदान देवघरातून तरी ती जाऊ नये.

म्हणून मुलांना टाचणी, तार, दातकोरणी, मणी, चमकी यांपैकी काहीही पाटावर घेऊ देऊ नये. आधार हवा तर शेवई, ऊस सोलून काढलेली काडी, खोबऱ्याचा काप. चार वर्षांखालच्या मुलाला खायला देताना शिंगे काढून घ्यावीत. खोबऱ्याचा कडक तुकडा, अख्खा शेंगदाणा हे त्याच्या घशात अडकू शकतात.

बैलालाही पिठाचा बैल आणि पुरणपोळी घासापुरतीच द्यावी. आमचे पशुवैद्य मित्र सांगतात की पोळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना पोट फुगलेली, रवंथ बंद पडलेली जनावरे हटकून पाहावी लागतात. वर्षभर कडबा खाणाऱ्या पोटात एकदम पातेलेभर शिजलेले धान्य आणि गूळ गेले की ते आंबते आणि आम्ल वाढते. प्रेमापोटी घातलेले जनावराच्या जिवावर येते. बैल सुस्त झाला, शेण पातळ झाले, चारा घेईना, तर घरगुती उपायांत रात्र घालवू नये. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. शिंगांनाही घराच्या दाराखिडक्यांचा तैलरंग फासू नये. गेरू किंवा हळद लावून तेलाचा हात फिरवला तरी शिंग देखणे दिसते.

कोणाला वाटेल, एवढा खटाटोप करून बैल अखेर खायचाच? पूजेतला बैल खाल्ला तर पाप लागेल का, असे मला एका माउलीने विचारलेही होते. मी म्हटले, "आई, मोदक गणपतीला दाखवून आपणच खातो ना?" त्यांना पटले. त्यांच्या नातवाला मात्र पटले नाही. त्याने आपला वानेरा उचलून फडताळात लपवला. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या.

तेव्हा खायचे ते त्याच दिवशी, गरम असताना, वर साजूक तूप घालून. उकडीचे बैल शिळे झाल्यावर दगड होतात आणि पावसाळी हवेत लवकर आंबतात. गूळ-कणकेचे उरले तर झाकून ठेवावेत आणि दुसऱ्या सकाळी चकत्या करून तव्यावर तूप सोडून खरपूस परताव्यात. पहिली चकती कोणाच्या बैलाची, यावरून पुन्हा भांडण होणार, त्याची तयारी ठेवावी.